तिसऱ्या हाकेला ओ

६ नोव्हेंबर २००८, गुरुवार
आले बाई एकदाची रत्नागिरीला. मालगुंडहून एसटीत खिडकी मिळाली, पण शेजारच्या बाईच्या टोपलीत सुकट होती, त्यामुळे खिडकीचं सुख निम्मंच. ईशा स्टँडवर आली होती. माझी ही नात इतिहासाची डॉक्टर आहे. इंजेक्शन देणारी नव्हे, पुस्तकातली. घर मांडवीला, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. गॅलरीत उभं राहिलं की समुद्र दिसतो. मी म्हटलं, गो, मी आता इथून हलत नाही. महिनाभर राहा, म्हणाली. ही वही तिनेच दिली. म्हणते, आजी, तू रोजचं लिही, इतिहासाला असलंच लागतं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर सारखे आजारी असायचे. चुका झाल्या तर तिने पोटात घालाव्यात.

७ नोव्हेंबर
ईशा आणि अद्नान मिळून पॉडकास्ट करतात. अद्नान तिच्याच कॉलेजात शिकवतो, तोही इतिहासाचा डॉक्टर. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, पण ऐकायची वेळ आपण ठरवायची. दुबईत, कुवेतला बसलेली आपली माणसं कॉम्प्युटरवर ऐकतात म्हणे. आतल्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करून ठेवल्यात, आवाज घुमू नये म्हणून. मला वाटलं पाहुणे येणार आहेत! अद्नान फार हसला. मुलगा गोड आहे, घरून नारळाच्या वड्या घेऊन येतो.
सध्याचा विषय एक बुडालेली बोट. मी जन्मायच्या आधीची. बुडालेल्या बावीस माणसांची यादी ईशाला मुंबईच्या दफ्तरात सापडली. रोज थोडी नावं वाचते. एकेक नाव तीनदा, त्याला टेक म्हणतात. चांगला असेल तो ठेवायचा. आणि प्रत्येक नावानंतर थोडं गप्प राहायचं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात तो माणूस उभा राहतो. हुशार आहे हो माझी पोर.

९ नोव्हेंबर
आज ईशाने ते कानाचं यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं आणि कालचं ऐकवलं. धोंडू तांडेल. धोंडू तांडेल. धोंडू तांडेल. आणि मग कोणीतरी, लांबून, ओ. मग तुळसा, तीनदा. मग बाईमाणसाचा आवाज, ओ. मला इतकं आवडलं! म्हटलं, नाटकातली माणसं बोलावलीत वाटतं, म्हातारा छान ओ देतो. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीच बोलावलेलं नाही म्हणे. ईशाने ऐकलं तर तिला काहीच ऐकू येईना. ती म्हणाली, समुद्राचा आवाज असेल. अद्नान खाली मान घालून वायरी गुंडाळत बसला. हाच चेष्टा करत असणार.

११ नोव्हेंबर
अद्नानला आज मुद्दाम गॅलरीत बसवला. घावन खायला दिले, दोन, चार, सहा, उठूच दिला नाही. ईशा आत एकटीच वाचत होती. नंतर ऐकलं. अली. गोदा. दोघांनी ओ दिली. मग अद्नान नव्हे. खालच्या मजल्यावरची गंगुबाई असेल, तिचा आवाज खोल विहिरीसारखा आहे. खाली जाऊन आले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती रविवारपासून आंजर्ल्याला गेलीय, नवस फेडायला.
एक लक्षात आलं. पहिल्या टेकला ओ नाही, दुसऱ्याला नाही, फक्त तिसऱ्याला. आमच्याकडे बाहेरून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा आली की समजावं, माणूसच आहे, मग ओ द्यावी. बोटीतली माणसं आपल्याच किनाऱ्याची. तीही तिसऱ्या हाकेपर्यंत थांबत असतील.
अद्नानला हे सांगितलं तर त्याच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. त्याची दादीही असंच सांगते म्हणे.

१३ नोव्हेंबर
कालची ओ लांबून नव्हती. जिन्यातून होती.
अद्नान ईशाला म्हणाला, यादी इथेच थांबवू, दादी नको म्हणते. ईशा चिडली. दोन दोन डॉक्टर आणि दादीला विचारून इतिहास लिहायचा का, म्हणाली. ऐकणारे वाट बघतायत, सहाच नावं उरलीत. तो गेला तो चहा न घेताच. वड्यांचा डबाही इथेच राहिला. हा काहीतरी लपवतोय. की ईशा लपवते? खोलीतली एक गादी हाताला ओली लागली. ईशा म्हणते दमट हवा. दमट हवा खारट लागत नाही. मी चाटून बघितलं.

१५ नोव्हेंबर
ईशाची बोलणी खावी लागली. आजी, मी वाचत असताना हाका कशाला मारतेस, टेक वाया गेला म्हणाली. मी कधी मारली हाक? मी मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेले होते! तिला पिशवी दाखवली. मग तिने मला ऐकवलं. हे तिलाही ऐकू येतं. माझाच आवाज. ईशा गो. अगदी मी मारते तशी, गो लांबवून.
एकदाच.

१६ नोव्हेंबर
पुन्हा. मी न्हाणीघरात होते. नळ चालू होता, ईशाला तो ऐकू येत होता, तरी म्हणते तूच. लाडाने म्हणाली, आजी, तुझं वय झालं, तुझ्या लक्षात राहत नाही.
आता कळलं. त्यांचेही टेक चाललेत. एकदाच हाक मारायची त्यांची रीत. तीनदा मारायला हिनेच शिकवलं.
दोन झाल्या.
ईशाला पाय धरून सांगितलं, आता माझी हाक आली तर ओ देऊ नको. हसली. गेल्या दोन हाकांना ओ दिली होतीस का, विचारलं. वाचत होते ना, कशी देणार, म्हणाली.
देवा, वाचली.

१७ नोव्हेंबर
मी बोलणंच बंद केलंय. चुकून माझ्याच तोंडून तिचं नाव गेलं आणि ती तिसरी ठरली तर —
हवं ते कागदावर लिहून दाखवते. मीठ. पाणी. झोपते आता.
ईशा रडली. आजी, रागावलीस का, एक शब्द तरी बोल म्हणते.
अद्नानला फोन केला तिने. उचलला नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळ
लिहून दाखवलं — मालगुंडला चल. दोघी. आजच.
तिने वाचलं. माझ्या गालाला हात लावला. शेवटचं नाव दुपारी वाचते, मग जाऊ म्हणाली.
खोलीच्या दाराखालून पाणी येतंय. पुसलं. पुन्हा येतंय.

दुपार
ईशा स्वयंपाकघरात, भात उतरवतेय. मी गॅलरीत. खोलीत कोणी नाही, दार मीच ओढून घेतलंय. वही मांडीवर —
ईशा गो.
खोलीतून. माझा आवाज. किती मायेचा.
मी तोंड दाबून बसलेय. ही मी नव्हे. ही मी —
ईशाच्या हातातलं भांडं खाली पडलं. हसते आहे. आनंदाने. ओ आजी, ओ, बोललीस गो एकदाची —
धावत गेली. गॅलरीकडे नाही. खोलीकडे.
ओरडायला हवं. नाव न घेता तिला कसं थांब —