डाव्या हाताचा टाका

बारामती,
५ जानेवारी १९९९

ती. अक्कास साहेबरावचा सविनय जय भीम.

वि. वि. सोबतचा कागद आधी बघू नकोस, पत्र वाच. नाहीतर सभेत उभी राहतेस तशी चुलीपुढे उभी राहशील आणि भाकरी करपेल.

तुझ्या लाडक्या भाचीच्या, अंजलीच्या कॉलेजात इंटरनेट आलंय. तिनं मला तिथं नेलं. इंग्लंडातला एक गृहस्थ त्यावर जुनी विमानं विकतो. त्यात एक टायगर मॉथ आहे, लाकडी सांगाड्याचं, कापडी पंखांचं. फोटो पाहिला आणि मी खुर्चीवरून उठलोच. डाव्या पंखावर ठिगळ आहे आणि ते माझ्या हातचं आहे. हवाई दलात तेव्हा नवा फिटर होतो. शिकवलेला टाका हाताला बसेना, म्हणून आईचा गोधडीचा टाका घातला. डावखुऱ्याचा, उलटा तिरपा. सार्जंटनं शिव्या दिल्या, ओढून बघितलं आणि राहू दिला. असा टाका घालणारी जगात दोनच माणसं, आई आणि मी. म्हणजे विमान खरं आणि विकणाराही खरा. फोटो काळापांढरा आहे. जुन्या वस्तूला तसाच शोभतो, असं त्यानं कळवलंय.

इथं आता धावपट्टी झालीय. तिच्या कडेला ते उभं करीन. आपल्या वस्तीतली पोरं विमान वर मान करूनच बघत आली; ती पंखाला हात लावतील. पैसे मात्र आधी पाठवायचे आहेत. म्हणून डाळजच्या रानातला विहिरीकडचा माझा हिस्सा विकतो. सातबाऱ्यावर नावं दोघांची, म्हणून सोबतच्या कागदावर तुझी सही हवी.

राग येईलच. माया तेवढी बाजूला काढून ठेव.

तुझा,
साहेबराव


इंदापूर,
११ जानेवारी १९९९

चि. साहेबराव यास आशीर्वाद आणि जय भीम.

वि. वि. भाकरी करपली. कागदच आधी पाहिला.

साहेबराव, ती विहीर कुणाची? जिला गावच्या विहिरीत पोहरा सोडू देत नव्हते तिची. लोकांच्या गोधड्या शिवून आपल्या आईनं, कुशाबाईनं ते रान घेतलं, विहीर पाडली आणि पहिला पोहरा स्वतः काढला. ते पाणी तू ज्याचं तोंड पाहिलं नाहीस त्याच्या हवाली करणार? समोरचा सांगतो म्हणून खरं मानायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. काय पदरात पडलं? छप्पन साली आपण नुसता धर्म बदलला नाही, विचारायला शिकलो. पारखून घ्यावं, पटलं तरच मानावं. हे मी शाळेत मुलांना तीस वर्षं सांगितलं आणि घरातला भाऊच कोरा राहिला!

टाका तुझा असेल, मी नाही म्हणत नाही. पण टाका विमानाची ओळख सांगतो, विकणाऱ्याची नाही. मीही आग्र्याला ताजमहालापुढे फोटो काढलाय. काढू का विकायला?

शेजारच्या सावळाराम तात्यांना सांगितलं तर ते हसतच सुटले. म्हणाले, निमगावच्या बाजारात शेळी बी चालवून बघत्यात, आन् तुमचा भाऊ इमान फोटूत बघून घेतुया व्हय!

थंडी फार आहे. आईची गोधडी काढली. तिसऱ्यांदा चढवलेलं कापडही विरलंय. तिच्या हातचे टाके आता आतल्या एका कोपऱ्यातच उरलेत.

सही केलेली नाही. भांडायचं असेल तर भांड, पण पत्रातून. अबोला चालणार नाही.

तुझी,
ठमाअक्का


बारामती,
२ फेब्रुवारी १९९९

ती. अक्कास सविनय जय भीम.

वि. वि. उशीर झाला, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. तुझ्या भाषणानं माझ्यावर काडीचा परिणाम झाला नाही. गोधडीनं झाला.

तीन वेळा कापड बदललं, असं तू लिहिलंस. ते वाचून मी जेवता जेवता थांबलो. अक्का, विमानाच्या पंखाचंही तसंच असतं. ऊन, पाऊस, तेल. काही वर्षांत कापड कुजतं. ते सोलून नवं चढवतात. मीच किती पंख सोललेत! चाळीस वर्षांपूर्वीचं ठिगळ आज पंखावर राहीलच कसं? तो फोटो माझ्या उमेदवारीच्या काळातला आहे. त्या माणसाकडे फोटो आहे, विमान नाही. ज्या टाक्यावर मी भुललो, तोच त्याची लबाडी सांगत होता.

अंजलीकडून त्याला कळवलं की पंखाजवळ उभा राहून आजचा फोटो पाठव. उत्तर आलं की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, पैसे लगेच हवेत. पुन्हा तेच मागितलं. मग तो गप्प झाला आणि जाहिरातही गेली.

आईचा टाका दिसला आणि मी नुसता तिचा पोरगा झालो, फिटर उरलो नाही. तू सही केली असतीस तर विहीर गेली होती. तो कागद फाडून टाक. पोरांना विमान दाखवतो म्हणून बोलून बसलोय, त्यांना काय सांगू ते कळव.

हसायचं तेवढं हस, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
साहेबराव


इंदापूर,
७ फेब्रुवारी १९९९

चि. साहेबराव यास आशीर्वाद आणि जय भीम.

वि. वि. हसले नाही. का, ते सांगते; सभेत सांगण्यासारखं नाही.

सही मी केली होती. तुला ते खरमरीत पत्र टाकलं आणि घरी येऊन तोच कागद पुढे घेऊन बसले. साठीला आलेल्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, तेही पोरांसाठी. माझा एकही शब्द खोटा नव्हता, तरी पेन उचललं. पाकिटावर तिकीटसुद्धा चिकटवलं. तुझ्या उत्तराची वाट बघत ते कोनाड्यात ठेवलं होतं. विचारायला शिका म्हणून गावभर सांगणारी मी, तुझ्यापुढे काही न विचारता हरले होते.

काल तुझं पत्र वाचलं आणि कागद चुलीत घातला. त्यावर चहा झाला, बरा झाला.

पोरांना डाळजला घेऊन ये. बांबूचा सांगाडा करा, वर मांजरपाटाचं कापड चढवा, विहिरीजवळ एक पंखच उभा करा. तो शिवायला तू त्यांना शिकव. विकत घेतलेल्या विमानाला ती नुसता हात लावून गेली असती.

आणि येताना दाभण आण. आईचा तो कोपरा उसवलाय. मी शिवायला बसले, पण माझा टाका उजवा पडतो.

वाट बघते.

तुझी,
ठमाअक्का