आवाज कुणाच्या हातून येतो

१. गाडी आवाज करू लागली.
२. बाबांच्या मते तो आईच्या हातून येत होता.
३. आईच्या मते तो बाबांच्या हातून येत होता.
४. दोघांचंही बरोबर निघालं.
५. आईने किल्ली फ्रिजवर ठेवली आणि गाडी चालवणं सोडलं.
६. गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त केला. मुद्दा ५ मध्ये फरक पडला नाही.

तीर्थस्वरूप मामांना सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना मान्य करतो का? मामींनाही नमस्कार सांगा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं तर ठीक आहोत. वर मुद्दे घातले, कारण आई आणि बाबा दोघांचेही फोन तुम्हाला आले असणार आणि आपण दोन निरनिराळ्या गाड्यांबद्दल ऐकतोय असं तुम्हाला वाटलं असणार. गाडी एकच आहे. तुम्ही दिलेली तीच, उंच, चौकोनी (तिला जुनी म्हटलेलं बाबांना चालत नाही, वयस्क म्हणावं लागतं).

बाबा गाडी चालवतात तेव्हा सिग्नलला थांबले की गिअर न्यूट्रलला घेतात, क्लचवरचा पाय काढतात, आणि खालून कुणीतरी पिंपात खडी ढवळत असल्यासारखी गुरगुर सुरू होते. शेजारी बसलेली आई शांतपणे सांगते की तिच्या हातून असं कधी होत नाही. मी मागे बसून खात्री केली, होत नाही. मात्र आई चालवायला बसली आणि तिने तिसरा गिअर टाकला की उकळत्या पातेल्यावर झाकण थरथरावं तसा आवाज येतो. तेव्हा बाबा (आयुष्य औषधाच्या दुकानात गेल्यामुळे) आधी विचारतात, हे कधीपासून? आणि मग सांगतात की त्यांच्या हातून असं कधी झालेलं नाही. तेही खरं. कारखान्यात पंपांची कंपनं मोजणं हे माझं रोजचं काम आहे. पंप माणूस बघून आवाज बदलत नाही. म्हणून मी स्वतः गाडी चालवून पाहिली, तर दोन्ही आवाज आले. त्यावरून घरात असं ठरलं की मी दोघांचेही दोष उचलले आहेत.

याच सुमारास बाबा म्हणाले की आईने गिअरबॉक्स खाल्ला. जेवताना म्हणाले, भाजी वाढून घेता घेता, फारसं मनावर न घेता. आईने मात्र घेतलं. तिने ताट घासून ठेवलं, किल्ली फ्रिजवर ठेवली, आणि तेव्हापासून ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायला जाते ते तिथल्या पहारेकऱ्याच्या स्कूटरवरून, मांडीवर मुलांनी धरून पोहायच्या फळ्यांची चळत घेऊन. तलाव गावाबाहेर आहे आणि इतक्या सकाळी तिकडे बस नाही. रोज दुसऱ्याच्या स्कूटरवर जाणं नको, म्हणून महिनाअखेरीस काम सोडते असं ती तिथे सांगणार आहे. मला आवाजांचं फारसं वाटत नव्हतं. याचं वाटतं. (तलावात उतरलेली आई घरातल्या आईपेक्षा बरीच मोठी दिसते, हे तुम्ही पाहिलेलं नाही.)

उलगडा मला पायाकडे बघून झाला. आई सिग्नलला पहिला गिअर तसाच ठेवून क्लच पूर्ण दाबून थांबते. क्लच दाबला की गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून काही फिरतच नाही, म्हणून गुरगुर नाही. आणि बाबांचा हात सतत गिअरच्या दांड्यावर असतो, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्यामुळे दांडा थरथरत नाही. म्हणजे एकाचा पाय एक आवाज दाबत होता आणि दुसऱ्याचा हात दुसरा. हे मी दोघांना समोरासमोर बसवून आकृती काढून सांगितलं. ती चूक झाली. आई म्हणाली, क्लचवरून पाय काढायचा नाही हे तिला तुम्ही शिकवलंय. बाबा म्हणाले, हात गिअरवर हवा, नाहीतर गाडी आपलं ऐकत नाही, हे त्यांना तुम्ही शिकवलंय. दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी आकृती मिटून ठेवली.

मग मिस्त्री. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं, मलाही ऐकवलं, आणि म्हणाले, आवाज आहेत, पण तुमच्याकडे त्यांची गिऱ्हाइकं जास्त आहेत. गिअरबॉक्स खाली घेतल्यावर कळलं की एक सील गळून ऑइल कमी झालं होतं, त्यामुळे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग खडबडीत झालं होतं. दांड्याला खालून घट्ट धरणारा प्लास्टिकचा बुश वयाने तडकला होता. सील, बेअरिंग, बुश, ऑइल, सगळं नवीन घातलं. दोन्ही आवाज गेले. दोष कुणाच्याच हातापायाचा नव्हता. बाबांनी हे लगेच मान्य केलं (त्यांच्यापुरतं). जुनं बेअरिंग ते घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला फिरवून दाखवतात. आईने एकदाही फिरवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मिस्त्री माझा कोण? दादाने मला शिकवलं, तर माझी चूक नाही हे दादाने सांगावं. तोवर मी किल्लीला हात लावणार नाही."

बाकी विशेष काही नाही. तब्येतीची काळजी घ्या.

तुमची भाची

ता. क. आईला फोन करा. बाबा दुकानात असताना करा. सीलचा वगैरे विषय काढू नका. क्लचचं तुम्ही तसंच शिकवलं होतं आणि गिअरबॉक्स तिच्यामुळे गेला नाही, एवढंच सांगा.

ता. क. २. वरचा ता. क. रद्द. पाकीट चिकटवण्याआधी मी गाडी घेऊन एक फेरी मारली, तर आता पाचव्या गिअरमध्ये खोल घुमल्यासारखा आवाज येतो आणि सगळी गाडी अंग चोरते. घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, तुझ्या हातून येत असेल. आई म्हणाली, तुझ्याच हातून. इतक्या दिवसांत त्यांचं प्रथमच एकमत झालं. मग आईने फ्रिजवरची किल्ली काढली, बाबांना शेजारी आणि मला मागे बसवलं, आणि तलावापर्यंत जाऊन परत आली. आवाज आला नाही. उतरताना ती मला म्हणाली, "उद्यापासून गाडी मला सकाळी लागेल. तू बसने जा."

मी पाचवा गिअर लवकर टाकते, गाडी जवळजवळ रांगत असतानाच. याचा आवाजाशी काही संबंध नाही. इथे मात्र हे कुणी ऐकून घेत नाही. तुम्ही स्वतः येऊन, माझ्या शेजारी बसून ऐकावं. कधी येता ते शुक्रवारपर्यंत कळवा.