किरकोळ दुरुस्ती

दार एस सलाम
रविवार, ४ जून

ताई,

कशी आहेस? क्येलात भाताची कापणी उरकली असेल. तिथला उकाडा तुला मानवतो का? मी बरा आहे. मधे खोकला होता, गेला.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजपुढे एकच खूण येते, दुसरी येत नाही. म्हणजे एकतर तू माझा नंबर बंद केला आहेस, नाहीतर तुझा जुना फोन गेला आहे. फोन गेला असं मी धरून चाललो आहे. म्हणून या पत्राबरोबर बसच्या ड्रायव्हरकडे नवा फोन पाठवतो आहे. आधी चार्ज कर. एकदा बोट टेकवलंस की तो तुला ओळखेल.

माझं काम नेहमीचं. दिवसभर मी यंत्रांना सांगतो काय करायचं, आणि मनगटावरचं घड्याळ मला सांगतं, ऊठ, चाल. परवा साहेब बोलत असताना ते थरथरलं आणि मी खरंच उभा राहिलो. साहेबांना वाटलं मला काही विचारायचं आहे. झुहुरा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, झांझिबारची आहे. ती म्हणाली, "बसू द्या हो त्याला. घड्याळाला विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

माझ्या फोनला माझा चेहरा पाठ आहे, पण खोकल्याच्या आठवड्यात त्यानं मला दोनदा ओळखलं नाही. तुझं नाव लिहिलं की तो खाली तांबडी रेघ मारतो. तुसेकिले हा शब्द त्याला माहीत नाही. दरवेळी विचारतो, दुसरं काही म्हणायचं आहे का? यंत्रांची ही गोष्ट मला आवडते. न कळलेल्या जागी ती थांबतात. माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो.

बाबा आता काठीवर चालतात. मोडलेलं हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड राहिला. अंबाकिस्ये काका आणि काकू शेजारीच आहेत, काकू दोन्ही वेळा येऊन जाते. गोळी आता वेळेवर असते.

बैठकीत बाबांच्या गोळ्यांच्या डब्यातली नोंद मी वाचून दाखवली ती कोणाला कमीपणा आणायला नव्हे. बाबा पडले होते, सगळे कारण विचारत होते, आणि नोंद माझ्याकडे होती. नोंद ही नोंद असते. तू लगेच दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन घर सोडशील असं कोणालाच वाटलं नव्हतं. तीन महिने झाले. झालं ते झालं.

घरी तुकुयूत आता थंडी पडली असेल. तुझी निळी शाल अजून बाबांच्या खोलीत खिळ्याला आहे.

तुझा भाऊ,
ग्वाकिसा


दार एस सलाम
शनिवार, २४ जून

ताई,

फोन परत मिळाला. खोकं उघडलेलंही नव्हतं. वर कागदाचा तुकडा आणि त्यावर तुझं अक्षर: "हा पण बोलतो का?"

तेवढंच. दोन आठवडे तो कागद माझ्या टेबलावर आहे. झुहुरानं विचारलं, कोणाचा? मी म्हणालो, एका ग्राहकाचा.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गोळी आता वेळेवर असते. ते खरं आहे. ते का खरं आहे, हे तुला सांगायचं राहिलं आहे. राहिलं नाही. मी सांगितलं नाही.

पहिल्यापासून सांगतो. तुला बरंचसं माहीत आहे, पण हे पत्र तू एकटीच वाचणार नाहीस.

बाबांना गोळी देणं तुझ्याकडे होतं. जानेवारीत मी त्यांच्यासाठी गोळ्यांचा डबा आणला. मीच बनवलेला. सकाळी वेळ झाली की तो माझ्या आवाजात बोलायचा. त्यासाठी मी एक ते बारा आकडे एका दुपारी ऑफिसच्या बंद खोलीत बसून बोललो होतो, शांतपणे, बाबांना ऐकू जाईल असे. झाकण उघडलं की डबा ती वेळ टिपून मला इथे पाठवायचा. तुकुयूच्या घरात माझा आवाज रोज सकाळी जातो, याचं मला फार कौतुक होतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलो.

सूर्य वर येऊन दोन तास झाले की आपण स्वाहिलीत दोन वाजले म्हणतो. कॉम्प्युटर त्याला आठ म्हणतो. आपल्याकडचा कोणीही माणूस घड्याळात आठ बघतो आणि तोंडानं दोन म्हणतो. मधले सहा तास आपण कुठे टाकतो, आपल्याला कळतही नाही. मीही आयुष्यभर तेच केलं. पण डब्याला ते कोणीतरी शिकवायला हवं होतं. मी शिकवलं नाही. विसरलो असंही म्हणता येणार नाही. ती गोष्ट शिकवावी लागते हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

म्हणून डबा सकाळी दोनला वाजायचा आणि माझ्या आवाजात म्हणायचा, "बाबा, आठ वाजताची गोळी."

बाबा तीस वर्षं चहाच्या कारखान्यात भोंग्यावर जगले. पहिला भोंगा तयारीचा, दुसरा कामाचा. त्यांनी डब्याला पहिला भोंगा समजलं. पोरगा आधीपासून आठवण करून देतोय. मग ते आपले आठ वाजेपर्यंत, म्हणजे भर दुपारपर्यंत, थांबायचे. नाश्त्याआधी घ्यायची मधुमेहाची गोळी दुपारी, आणि तिच्यावर संध्याकाळपर्यंत काही खाणं नाही.

तू मला फोन केला होतास. जानेवारीतच. हे मी बैठकीत सांगितलं नाही, काकांना सांगितलं नाही, आणि पुढे पुढे स्वतःशीही म्हणेनासा झालो. पण मला शब्द न् शब्द आठवतो.

"बारक्या, तुझा डबा वेडा आहे. दोनला ओरडतो आणि आठ म्हणतो."

"ताई, मी कामात आहे. डबा तपासून पाठवलाय. तो सांगतो तसं करा."

"अरे, तसंच तर करताहेत! मी गोळी हातात ठेवली तर म्हणतात, माझ्या मुलानं आठ म्हटलंय, तू त्याच्यापेक्षा शहाणी का?"

"मग त्यांना करू दे."

आणि मी फोन ठेवला. समोर साहेब उभे होते असंही नाही. मी जेवत होतो.

फेब्रुवारीत एका दुपारी साखर उतरून बाबांच्या अंगाला थरथर सुटली आणि ते नळापाशी पडले.

बैठक काकांच्या अंगणात झाली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो आणि एकेक तारीख वाचली. गोळीची वेळ अमुक, डबा उघडला तमुक, उशीर सहा तास. दुसरा दिवस, सहा तास. काकू तोंडावर हात ठेवून बसली होती. तू म्हणालीस, "डबाच चुकीचं बोलतो." मी म्हणालो, "ताई, डबा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

लोक हसले. मला ते हसू गोड लागलं.

सहा तास, ताई. रोज बरोबर सहा. विसरभोळ्या माणसाचा उशीर असा मोजून मापून नसतो. कामावर लागलेल्या कोणाही नवख्याला हे दिसलं असतं. मी ते चाळीस वेळा मोठ्यानं वाचलं.

मला कळलं मार्चच्या मध्यावर. दवाखान्यांसाठी तसले डबे करायचे होते म्हणून झुहुरानं एक आपल्या टेबलावर लावून बघितला. सकाळी तो बोलला. तिनं खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "ऊन अजून कोवळं आहे आणि हा आठ म्हणतो! कुठल्या देशातून आणलास रे हा पाहुणा? याला आधी आपल्याकडची वेळ शिकव, मग औषध वाटायला बसव."

मी हसलो. मग उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

दुरुस्ती एका ओळीची होती. सहा वजा करा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झाली, आणि इथून बसल्याबसल्या तुकुयूच्या डब्यात गेली. आमच्याकडे प्रत्येक बदलापुढे काय बदललं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती."

दुसऱ्या सकाळपासून डबा दोन म्हणू लागला आणि बाबा दोनला गोळी घेऊ लागले. आठवड्यानं काकांचा फोन आला. "बघ, ती गेली आणि गोळी वेळेवर आली. तुझ्या यंत्रानं बरोबर माणूस पकडला."

मी म्हणालो, "हो काका."

बैठकीत मी जे बोललो ते अज्ञानानं बोललो, असं मी स्वतःला सांगू शकतो. हे दोन शब्द मी सगळं माहीत असताना बोललो. तेव्हा तुला घर सोडून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मी एक फोन केला असता तर काका स्वतः क्येलाला येऊन तुझं शिवणयंत्र उचलून घेऊन आले असते. मी उद्या करू म्हटलं. मग ईस्टर आला. मग वाटलं, आता इतके दिवस गेल्यावर लोक विचारतील, इतके दिवस का नाही बोललास. मग मी तुला फोन पाठवला.

तुझा कागद आल्यावर मी तुकुयूला गेलो. तुला लिहिण्याआधी बाबांना सांगावं असं ठरवून गेलो होतो. धुकं होतं. बाबा ओट्यावर घोंगडी घेऊन घेवड्याच्या शेंगा सोलत होते. मी कसं काढावं या विचारात असतानाच ते म्हणाले, "तुझ्या डब्यानं आकडा बदलला."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"आधी आठ म्हणायचास. मग एका सकाळी दोन म्हणालास."

"तुम्हाला कळलं होतं?"

"म्हातारा झालोय. बहिरा नाही."

"मग बोलला का नाहीत कोणाला?"

"काय बोलणार? एवढी माणसं बसवून तू बोललास. त्यांच्यासमोर तुझी मान खाली गेली असती."

"आणि ताईची?"

बराच वेळ ते शेंगेची शीर ओढत राहिले. ती तुटत नव्हती.

"ती मोठी आहे," ते म्हणाले. "तिला सवय आहे."

मग टोपली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सोल."

मी सोलत बसलो. खिळ्यावरची तुझी शाल तिथून दिसत होती. मला वाटत होतं की मी एकटा लपलो आहे. माझ्यासाठी बाबाही लपून बसले होते, मोडक्या पायानिशी, आणि आम्ही दोघे जिच्या आड लपलो होतो ती तू होतीस.

बाबांवर रागवू नकोस, असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू बघ.

या पत्राच्या इथवरच्या भागाची नक्कल मी कालच काकांना पाठवली आहे. तुझ्याआधी त्यांना, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. रविवारी, २ जुलैला, चर्च सुटल्यावर त्यांनी तीच माणसं त्याच अंगणात बोलवायची आहेत. मी उभा राहून सांगणार आहे. जानेवारीतला तुझा फोन, मार्चमधली दुरुस्ती, "हो काका", सगळं. तू यावंस असं म्हणण्याचा मला हक्क नाही. आलीस तर मी तुझ्याकडे बघून बोलेन. नाही आलीस तरी बोलेन.

ऑफिसातल्या नोंदीत जुने शब्द पुसता येत नाहीत. खाली नवे लिहिता येतात. "किरकोळ दुरुस्ती"च्या खाली मी काल लिहिलं: "चूक माझी. बहिणीनं ती जानेवारीतच दाखवली होती." झुहुरानं वाचलं.

आणि तुझा प्रश्न. तो फोन बोलतो, पण तो आता माझ्या कपाटात आहे. बाबांचा डबा बोलत नाही. त्यातला माझा आवाज मी काढून टाकला. वेळ झाली की तो नुसता वाजतो, भोंग्यासारखा. बाबांना मी सांगितलंय, हा दुसरा भोंगा, पहिला नाही.

बोलायचं ते मी बोलेन. रविवारी, सकाळी चार वाजता. आपले चार.

तू सांगितलेलं ज्यानं ऐकलं नाही, तो
ग्वाकिसा