माहेरवाशिणीच्या राज्यात कोंबड्यांचा श्रावण

काष्टी, ता. श्रीगोंदा
२५ ऑगस्ट १९९४

ती. राधाकृष्ण दाजी यांना,

गोरक्षनाथाचा साष्टांग नमस्कार. सीमाताईची कंबर आता कशी आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तर माझं डोकं सकाळपासून तापलंय आणि त्याला कारण तुमच्या मातोश्री. (त्या माझ्या सख्ख्या आत्या आहेत, हे मला ठाऊक आहे. आठवण करून देऊ नये.)

पंचमीला आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली. पासष्ट वर्षांची असली तरी माहेरवाशीण. बहिणीचा शब्द मोडायचा नाही, असा अण्णांचा हुकूम. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या ब्रॉयलरच्या शेडमध्ये शिरली, खाद्याच्या गोणीत नाक घातलं आणि ओरडली, "आरं, श्रावनात माझ्या म्हायेरात सुकट?" झालं! सुकटीची सगळी पूड उकिरड्यावर गेली. बरं, शेंगदाण्याची पेंड तरी ठेवावी? ती म्हशीला, कारण माहेरवाशिणीच्या खिरीला दूध दाट लागतं. उरला मक्याचा भरडा, त्यात तिने स्वतःच्या हाताने गूळ कालवला. तुम्ही श्रीरामपूरच्या तुमच्या पशुखाद्याच्या दुकानात बसून मला तक्ता करून दिला होता: पहिले तीन आठवडे शंभर किलो खाद्यात तेवीस किलो प्रोटीन, पुढे वीस, आणि ऊर्जा थोडी वाढवायची. तो मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर म्हणाली, "राधाला म्या मक्याच्या कन्यांवरच वाढिवला." (तुमच्या पोटाकडे पाहून ते पटतं. राग मानू नका. किंवा माना, मला फरक पडत नाही.)

आता पंधरा दिवसांनी शेडमध्ये येऊन बघा. तीनशे कोंबड्या, छातीला मांस नाही, पोटात नुसती चरबी. अंगात प्रोटीन नाही म्हणून एकमेकींची पिसं उपटून खातात. निम्म्या तर उघड्याबोडक्या फिरतात. कोंबड्या विकत घेणारा व्यापारी सहादेव काल आला आणि हसत परत गेला. त्यावर अण्णांनी सांगून टाकलं, पोळ्यापर्यंत पक्षी वजनाला भरले नाहीत तर शेड मोडून तिथे म्हशीचा गोठा. दोन वर्षं पत्रा पत्रा जोडून उभी केलेली शेड, आणि तिथे ती पेंडखाऊ म्हैस रवंथ करणार! काल मी अंगणात उभा राहून आत्याला नाही नाही ते बोललो. तेव्हा पत्र मिळताच या आणि आपली आई घेऊन जा.

तुमचा संतापलेला मेहुणा,
गोरक्षनाथ

ता. क. पत्र टाकायला निघालो तर शेडकडून ओळखीचा वास आला. आत डोकावलो. आत्या नाकाला पदर बांधून भरड्यात सुकटीची पूड कालवत होती, शेजारी म्हशीची पेंड. बाजारातून पूड तिनेच आणली म्हणे. मला बघून तोंड फिरवलं. "माझ्यापायी म्हायेरातलं काय मोडाया नगं," एवढंच बोलली. कोंबड्या तिच्या पायांभोवती. मला बघून त्या आजही पळतात.

ता. क. दुसरा. पत्र तीन दिवस खिशातच राहिलं. तिला न्यायला येऊ नका, निदान दिवाळीपर्यंत. तक्त्याप्रमाणे सुकटीची पूड दोन गोण्या पाठवा, आणि साबणाच्या चार वड्या. कालवून झालं की ती दर वेळी डोक्यावरून आंघोळ करते, आणि आंघोळ होईपर्यंत मला शिव्या देते. पाणी मीच काढून देतो.