पाण्याला चव असते हे मान्य

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वळत नसल्यामुळे सध्या सातच अंगांचा आहे, गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, बाकी ती उत्तम असणार याची मला खात्री आहे. तुला जरा बरं नसलं की तू पहिला फोन आम्हाला करतेस, आमचं काय काय चुकलं ते सांगायला. आता दीड वर्षात एकही फोन नाही, म्हणजे ठणठणीत असशील. आम्हीही बरे आहोत. हिने चष्मा बदलला, त्यामुळे मी आता तिला आहे तसा दिसतो, एवढंच काय ते नवीन.

आत्या, मुद्द्याचं आधी लिहून टाकतो. तू शेवटची आमच्याकडे आलीस तेव्हा पाण्याचा एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालीस, तुमच्या पाण्याला चव नाही. त्यावर मी म्हणालो, पाण्याला कुठे चव असते, काहीतरीच तुझं. तू पिशवी उचललीस आणि गेलीस ती गेलीसच. (छत्री राहिली. ती मी जपून ठेवली आहे. दोनदाच वापरली.) तर मी आज शाईने, शुद्धीवर असताना लिहून देतो की पाण्याला चव असते आणि तू बरोबर होतीस. हे वाक्य चौकट करून भिंतीवर लावलंस तरी चालेल. आपलं बोलणं पुन्हा सुरू व्हावं एवढीच इच्छा आहे. ही अक्कल मला कशी आली ते सांगतो, जरा लांबण लागेल. पण मधलं सोडून एकदम शेवटाकडे जाऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

मी बावीस वर्षं छापखान्यात औषधाच्या खोक्यातली ती घडीची चिठ्ठी लिहितो, हे तू चारचौघांत कधी सांगत नाहीस, पण तुला माहीत आहे. माझ्याइतकं छापून आलेलं माणूस विरळा, आणि माझ्याइतकं न वाचलं गेलेलं तर कुणीच नाही. लोक खोकं उघडून आधी मला फेकतात, मग गोळी घेतात. (शेजाऱ्यांनी एकदा माझ्या चिठ्ठीची घडी टेबलाच्या हलत्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. माझ्या लेखनाचा जगावर झालेला परिणाम तो एवढाच.) तर गेल्या महिन्यात आमच्या मालकांकडे एक बाई आल्या. पूर्वी कॉलेजात दगडधोंड्यांचं शास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त होऊन पाण्याचं दुकान काढत होत्या. म्हणजे नळाचं पाणी नव्हे. खऱ्याखुऱ्या झऱ्यांचं, जमिनीतून येतं तसंच बाटलीत भरलेलं, सहा ठिकाणचं सहा प्रकारचं. प्रत्येक बाटलीवर चवीबद्दल दोनतीन ओळी हव्या होत्या. दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून मालकांनी मला पुढे केलं आणि वर बजावलं की बाईंना पसंत पडलं नाही तर पुन्हा चिठ्ठ्या, थेट निवृत्तीपर्यंत. आत्या, मी त्या दिवशी जिना चढून घरी आलो तो गुडघा दुखतोय हे विसरून आलो. माझं लिहिलेलं कुणीतरी वाचणार होतं!

दुसऱ्या दिवशी बाईंच्या दुकानात गेलो. लांब टेबल, पांढरी चादर, सहा बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीशेजारी एक दगड. बर्फ नाही, पेला पातळ काचेचा, पाणी खोलीत असेल तेवढंच गार. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थांबायचं, मग गिळायचा. (आपण आजवर पाणी पितच नव्हतो, नुसतं ओतत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.) पहिल्या फेरीत मला सहाच्या सहा पाणी थंडगार आणि घशाला आराम देणारी वाटली. बाई खूश होऊन लिहून घेऊ लागल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या गालात खोकल्याची गोळी आहे. दुसऱ्या फेरीत मी दगडही चाटून पाहिला, कारण मला वाटलं तो त्याचसाठी ठेवलाय. बाई शांतपणे म्हणाल्या, तो कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आहे, झऱ्याचा दगड पलीकडचा.

पण बाई शिकवायच्या सुरेख. डोंगरावर पडलेलं पाणी दगडातून झिरपत वर्षानुवर्षं खाली उतरतं, आणि ज्याच्या संगतीत राहतं त्याचं थोडं थोडं घेऊन येतं. चुनखडीतून आलं की दाट लागतं, कुठे खारट, कुठे शेवटी किंचित कडू. हे ऐकता ऐकता माझी जीभ एकदम जागी झाली बघ. खरंच वेगळं लागत होतं! पन्नास वर्षांच्या माणसाला एवढा आनंद बरा नव्हे, पण मला झाला. फक्त लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. बावीस वर्षांचा हात, तो वळणावर जाणारच. मी लिहिलं, ‘वापरण्यापूर्वी हलवावे. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.’ बाईंनी विचारलं, हे पाणी आहे की झुरळांचं औषध?

शेवटी बाटल्या घरी आणल्या आणि हिला बसवलं. हिने एकेक घोट घेतला आणि विचार न करता बोलत सुटली. एक नंबर, अगदी हलकं पाणी, म्हणे हे अगदी भाऊजी. (म्हणजे आपला धाकटा.) येतं, बसतं, जातं, आलं होतं हे दुसऱ्या दिवशी आठवतं. दोन नंबरात मुळातच बुडबुडे, ते म्हणे धाकट्या नणंदेसारखं, दार उघडायच्या आधीच जिन्यात आवाज. तीन खारट, ते मोठे मामा, एका वेळी थोडेच घ्यावेत. चार म्हणजे थोरल्या जाऊबाई, सगळं छान चाललेलं असतं आणि निघताना एक कडू शब्द टाकतातच. पाच नंबर फार मऊ, ते ‘माझ्या आईसारखं, कुठे खुपत नाही’. (मी ते पुन्हा दोनदा पिऊन पाहिलं. असो.) मी हसत हसत सगळं उतरवून घेतलं. सहाव्याचं मी लिहिलं. विचार असा की उद्या यावरून सभ्य ओळी तयार करू.

दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर ठेवला आणि गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेलो. तेच नडलं. मी तो ज्या ट्रेमध्ये ठेवला तो ट्रे छपाईला जायचा होता. आमच्या छापखान्याचा धर्म एकच, आलं तसं छापायचं. औषधाच्या कागदात एक काना इकडचा तिकडे झाला तर माणूस जायचा, म्हणून आमचे जुळणीवाले काका अर्थाकडे बघतच नाहीत. त्यांनी भाऊजींपासून सगळं जसंच्या तसं जुळवलं. प्रूफं तपासणाऱ्या बाईंनी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं आणि ‘एकही चूक नाही’ असा शेरा मारून सही केली. मी परत आलो तोवर हजारो लेबलं सुकत होती.

माझी जी गाळण उडाली म्हणतेस! पाणीवाल्या बाई लेबल हातात घेऊन आल्या तेव्हा मी कागदाच्या गठ्ठ्यांमागे उभा होतो. मग एकदम असा हसण्याचा आवाज आला की छपाईयंत्र चालवणाऱ्याने यंत्र थांबवलं. बाई डोळे पुसत म्हणाल्या, तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण चव ही सांगायची कशी ते मला आज कळलं, एक शब्दही बदलायचा नाही. आता दुकान उघडून पंधरा दिवस झाले. लोक आत येतात आणि मोठ्याने वाचतात. ऐकतेस ना, वाचतात! परवा एक गृहस्थ म्हणाले, जाऊबाई नको, घरी आहेत, मला दोन भाऊजी द्या. ‘माझ्या आईसारखं’ वाचून तर ज्याला त्याला स्वतःचीच आई आठवते आणि बाटली खपते. मी संध्याकाळी उगाचच दुकानावरून जातो आणि दाराशी रेंगाळतो.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, मांजरीला माझी आठवण.

तुझा (जीभ उशिरा फुटलेला) भाचा

ता. क. बाई सचोटीच्या आहेत. माणसाचा स्वभाव त्याला न विचारता बाटलीवर विकणार नाही म्हणतात, म्हणून प्रत्येकाची लेखी संमती हवी आहे. भाऊजींनी न वाचता सही केली, मामांनी वाचून केली, जाऊबाईंनी केली आणि खाली एक शब्द लिहिला. फक्त सहा नंबरची सही राहिली आहे. सोबत कागद जोडला आहे. होय, आत्या. तूच.

ता. क. दुसरा. आता तू म्हणशील, म्हणून कबूल केलंस होय, सहीसाठी! म्हण. पण हिच्यावर रागावू नकोस, पाच ओळी तिच्या, सहावी माझी. ते सगळ्यात जड पाणी, चुनखडीतून सावकाश उतरलेलं, पहिल्यांदा प्यायलं की माणूस दचकतो. मी तो घोट घेतला आणि मला तुझी इतकी आठवण आली की मी कागद ओढून थेट लिहायलाच लागलो. ही विचारत होती काय झालं म्हणून.

ता. क. तिसरा. तुला कुणीतरी वाचून दाखवण्यापेक्षा मीच लिहितो. लेबल असं आहे: ‘आत्यासारखं. पहिला घोट ओरडतो. दुसरा विचारतो, जेवलास का. तिसऱ्याला कळतं की आपण बरेच दिवस तहानलेले होतो.’ सोबत एक बाटली पाठवतो आहे. तीन घोट पूर्ण घे, मधे थांबू नकोस, आणि मग खुशाल भांडायला ये. पण ये.