अंगठी विकायला आम्ही दोघी

नागपूर,
३ ऑक्टोबर

प्रिय सानू,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आता आठवतही नाही. तू पुण्याला होस्टेलवर होतीस तेव्हाचं असेल, आणि त्यातही निम्मं पत्र धाकट्या सुश्रुतच्या मार्कांबद्दलच असणार. रोज व्हिडिओवर तोंड दिसतं, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू विचारतेस, "आई, जेवलीस का?" मी म्हणते, "हो, तू?" आणि बोलायचं ते राहूनच जातं. तुझ्याबरोबर राहणाऱ्या कौमुदीची सुट्टी संपली, ती परवा डब्लिनला परत निघते आहे. तिच्याजवळ चकल्या, मेतकूट आणि हे पत्र देते आहे. चकल्या दोघींनी खा, पत्र मात्र तू एकटीने वाच.

मला परत येऊन सहा आठवडे होतील. इथे ऑक्टोबरचं ऊन सुरू झालंय. अजून सकाळी चहा टाकताना मी विमानाच्या आवाजाची वाट बघते. तिकडे विमानतळाजवळच्या स्वोर्ड्सला तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानांची पोटं दिसायची, तुला त्याचं काहीच वाटायचं नाही आणि मी दर वेळी मान वर करायची. शेजारच्या बायका तिथलं काय काय विचारतात. मी त्यांना पहिल्याच दिवशीची फजिती सांगते, की कौमुदीने "चहा प्रेसमध्ये आहे काकू" म्हटलं आणि मी घरभर इस्त्री शोधत फिरले. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला काय माहीत! बायका हसतात. मग त्या विचारतात, जावई कसे आहेत, आणि तिथे माझं हसू आटायचं. तीन वर्षं मी एकच उत्तर देत आले होते, की रणजितरावांचं जर्मनीत प्रोजेक्ट चालू आहे. इतक्या वेळा सांगितलं, की कधीकधी माझा माझ्यावरच विश्वास बसायचा.

तू मला अंगठीबद्दल सांगितलंस तो माझा तिथला चौथा दिवस होता. आपण दोघी पोहे खात होतो. "आई, शनिवारी सिटीत जाऊन मी साखरपुड्याची अंगठी विकणार आहे. येतेस?" अगदी भाजी आणायला जातेय, येतेस का, असं विचारावं तसं. मी बशी खाली ठेवली. आठ वर्षांपूर्वी रणजित ती अंगठी डब्लिनहून घेऊन आला होता. साखरपुड्याच्या हॉलमध्ये मीच तुझा हात धरून तुला बायकांमधून फिरवलं होतं, खिडकीशी नेऊन तो हिरा उजेडात दाखवला होता. तो हात तुझा होता, पण तोरा माझा होता. म्हणून मी तुला नको नको ते सुचवत बसले. पैशांची अडचण असेल तर मी एफडी मोडते म्हटलं. तू म्हणालीस, अडचण नाही. मग म्हटलं, नागपूरला आण, आपल्या सोनाराकडे मोड देऊ आणि सुंदर कानातले करू. तू बशी धुता धुता म्हणालीस, "आणि सोनाराने विचारलं का मोडताय, तर तू सांगशील की डिझाइन जुनं झालं." तुझ्या आवाजात राग नव्हता. आणि मी नेमकं तेच सांगणार होते.

बसमध्ये आपण वर, अगदी पुढच्या सीटवर बसलो. तू मला बाहेरचं दाखवत होतीस आणि माझं सगळं लक्ष तुझ्या पर्सकडे. ते दुकान अरुंद होतं, दारावर घंटी, भिंतीवर घड्याळं. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, नोरीन नावाच्या, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या. त्यांनी तुला आधीच विचारलं, "नक्की ठरलंय ना, लव्ह? काही जणी दुसऱ्या दिवशी रडत परत येतात." तू म्हणालीस, "नक्की. माझा घटस्फोट झालाय. अंगठी माझ्याकडेच ठेवायचं आमचं ठरलं होतं. हे कागद." दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती, सानू. तू आवाज खाली आणला नाहीस. मी मात्र भिंतीवरच्या घड्याळांकडे बघायला लागले, जणू काही मी वेळ लावायलाच आले होते.

नंतर जे झालं ते मी नागपुरात आल्यापासून मनात किती वेळा परत पाहिलं असेल. त्यांनी एक आकडा सांगितला. तू दोन क्षण विचार केलास, थँक्यू म्हणालीस आणि अंगठी डबीत ठेवून डबी पर्समध्ये टाकलीस. भांडण नाही, चेहरा पाडणं नाही. हिऱ्याचं सर्टिफिकेट तू आधीच त्यांच्यासमोर ठेवलेलं होतंस, ते उचलताना एवढंच म्हणालीस की आणखी दोन ठिकाणी विचारून बघते. लहानपणी मी तुला शाळेचा घट्ट झालेला बूट बदलून आणायला पाठवलं होतं, तर तू दुकानाच्या पायरीवरून रडत परत आली होतीस आणि वर्षभर पाय आवळून शाळेत गेलीस. तीच मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत, ताठ मानेने उभी. आपण दारापर्यंत पोचलो तेव्हा नोरीनबाईंनी हाक मारली, पुन्हा भिंग लावलं आणि बराच बरा आकडा सांगितला. तू सही केलीस. निघताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही तुमची मुलगी का? तुम्हाला हिचा किती अभिमान वाटत असेल." मी थँक्यू म्हणाले. इतिहासाची शिक्षिका, बत्तीस वर्षं वर्गात बोलले, आणि तिथे मला साधं हो म्हणता आलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेलच. तू मला कोपऱ्यावर गरम स्कोन, तो त्यांचा गोडसर पाव, घेऊन दिलास. सानू, उत्तर हो होतं. तेव्हाही हो होतं.

त्या पैशांत स्वतःची बचत घालून तू पुढच्याच आठवड्यात ती छोटी निळी जुनी गाडी आणलीस. मागे लाल अक्षरात N लावलेला बघून मी विचारलं, "नागपूरचा का गं?" तर तू रस्त्यातच पोट धरून हसलीस. नवीन लायसन मिळालेल्याला दोन वर्षं तो लावावा लागतो, पहिल्या टेस्टला तू नापास झालीस, दुसऱ्यांदा पास झालीस, हे मला तेव्हा कळलं. मला आठवलं, तुझ्या लग्नानंतर मी तिथे पहिल्यांदा आले होते तेव्हा तू ड्रायव्हिंग शिकायचं म्हणालीस आणि रणजित हसून म्हणाला होता, "तुला नाही जमणार." वाईट माणूस नव्हता तो. मारलं नाही, शिवी दिली नाही. पण नोकरी, गाडी, परीक्षा, साधा फॉर्म भरणं, प्रत्येक गोष्टीला त्याचं तेच हसून म्हणणं, आणि आपली सानू वर्षावर्षाने लहान होत गेली. मी बघत होते. मी त्याला स्वभाव म्हटलं. आणि साडेतीन वर्षांपूर्वी त्या फेब्रुवारीत तू फोन करून "आई, मला इथे श्वास घेता येत नाही" म्हणालीस, तेव्हा मी काय म्हणाले? "जरा जुळवून घे." तू बरं म्हणून फोन ठेवलास आणि पुढचं सगळं एकटीने केलंस. विमानतळावरच्या कॉफीच्या काउंटरपासून सुरुवात केलीस, आज तिथेच कार्गोच्या ऑफिसात बारा माणसांची ड्यूटी लावतेस. यातलं काहीही मी केलेलं नाही. त्यामुळे अभिमान वाटण्याचा मला हक्क आहे का हेही मला माहीत नाही, पण वाटतो, आणि खूप वाटतो.

पलीकडच्या किनाऱ्यावर स्लायगोला गेलो तो दिवस तर मी कोणालाही सांगते. तीन तास तू एकटीने गाडी चालवलीस. मध्ये धो धो पाऊस, बाजूने ट्रक, मी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसलेले आणि तू शांतपणे म्हणतेस, "आई, बिस्किटं काढ ना." समुद्रावर वाऱ्याने माझा पदर डोक्यावरून उडाला, तू तो धरलास. परत येताना मला गाढ झोप लागली. सानू, दुसऱ्याच्या गाडीत मी कधी झोपत नाही. तुझ्या बाबांच्या स्कूटरवरसुद्धा मी डोळे मिटले नव्हते.

आणि एवढं सगळं बघूनही मी काय केलं ते आता लिहिते. निघायच्या आदल्या दिवशी तू कांदा चिरत होतीस आणि मी म्हटलं, "सुश्रुतच्या लग्नात करवली म्हणून काकांची शिवांगी उभी राहील. तुला लांबून येऊन उगाच दगदग." दगदग हा शब्द मी दोन दिवस शोधून काढला होता. नवऱ्या मुलाची सख्खी बहीण असताना पाण्याचा करा हातात घेऊन चुलत बहीण का उभी राहणार, हे तुला न कळण्याएवढी तू लहान नाहीस. नातेवाइकांत खरं काय ते एकट्या आत्याबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांनी मला फोनवर बजावलं होतं, की मोडलेल्या संसाराची पोर मंगल कामात पुढे नको. तू कांदा चिरतच राहिलीस आणि म्हणालीस, "ग्रँड." मला वाटलं, तुला पटलं. परवा कौमुदीने इथे बसून समजावलं, की तिथली माणसं बरं असलं तरी ग्रँड म्हणतात आणि आतून तुटली तरी ग्रँडच म्हणतात. त्यानंतर माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुझे बाबा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी काकांकडे मुंज होती. मी बटूला ओवाळायला निरांजन उचललं, तर जाऊबाईंनी हळूच, अगदी प्रेमाने, ते माझ्या हातातून काढून घेतलं. भरल्या मांडवात. मी हसले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. पुढे तुझ्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसले, तेव्हाही मी त्याच खुर्चीवर. तू मला विचारलं होतंस, "तू का नाही?" मी म्हटलं, असंच असतं. ते कसं लागतं हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी तेच मी तुझ्या हातातून काढून घेत होते, तेही तुझ्या घरात तुझंच मीठ खाऊन.

तर आता का लिहिते आहे ते ऐक. काल पत्रिकेचा मजकूर ठरवायला आत्याबाई, काका-काकू, शिवांगी सगळे जमले होते. मी चहा दिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की रणजित जर्मनीत नाही, सानिकाचा घटस्फोट झाला आहे, तीन वर्षं मी खोटं बोलत होते, आणि खोटं बोलायला तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आवाज मी खाली आणला नाही. मग म्हटलं, करवली सानिकाच. आणि वऱ्हाड निघताना सुश्रुतला मी स्वतः ओवाळणार. आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, लोक नावं ठेवतील नं!" मी म्हटलं, ठेवू द्या, जेवण चांगलं ठेवू आपण. शिवांगी पहिली हसली. सुश्रुत उठून आत गेला, त्याचे डोळे भरले होते. त्याने लगेच स्वानंदीला फोन लावला, तर होणारी सून म्हणते, "मी तर पहिल्यापासून ताईंनाच धरून चालले होते." म्हणजे अडून बसलेली मीच होते. लग्न अकरा डिसेंबरला आहे, तू आठवडाभर आधी ये. करवलीची साडी मी घेतलेली नाही, ती तू आल्यावर तूच निवड, मी बाजूला नुसती बसेन. फेब्रुवारीतल्या त्या फोनवर जे बोलले ते मी मागे घेते; माफी तू आलीस की समोर बसून मागेन. विमानतळावर घ्यायला मी स्वतः येणार आहे. वाटेत, गल्लीत, मांडवात कोणी विचारलं की जावई कुठे आहेत, तर तू काही बोलू नकोस. ते मी सांगेन.

तुझीच,
आई