मागच्या बॉक्सचा आवाज

शिरूर, ६ फेब्रुवारी २००४

ती. मेहमूदमामू यांस,
महेजबीनचा सलाम. वि. वि. इकडे आम्ही खुशाल. मामींचा गुडघा कसा आहे?

सोपानरावांनी मला दुकानातून काढलं. तुमच्या दोस्तीखातर त्यांनी मला कामावर ठेवलं होतं, हे मी विसरले नाही. पण झालं ते माझ्याकडून ऐका. कारेगावच्या पोपटरावांनी आमच्याकडून होम थिएटर घेतलं. बसवायला मी गेले. त्यांच्या आई धुरपदाबाईंना दिसत नाही. सिनेमा त्या कानांनीच बघतात, म्हणून लेकाने मुद्दाम सराउंड मागितला होता. स्पीकरचे पाच बॉक्स, दोन तिच्या पाठीमागे, लावून डीव्हीडी सुरू केली, तर म्हातारी म्हणाली की पोरी, म्होरं जे वाजतंय त्येच माघारी वाजतंय. मी मशीन उघडलं. आत साधा स्टिरिओ! डावा आणि उजवा, दोनच आवाज. मागच्या बॉक्सच्या तारा पुढच्यांनाच जोडलेल्या. खऱ्या सराउंडमध्ये प्रत्येक बॉक्सला स्वतःचा आवाज असतो. बोलणं मधून येतं, बाजारातला गलबला चहूकडून. मी तिथंच खरं सांगून टाकलं. दुकानात परतले तर सोपानराव म्हणाले, पाच बॉक्स म्हंजी सराउंड, खेड्यात कुणाला कळतंय. मीही आवाज चढवला, तसं त्यांनी काढून टाकलं.

रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची महेजबीन

दौंड, ११ फेब्रुवारी

चि. महेजबीन हिस,
मामूची दुवा. गुडघा हाय तसाच हाय.

तुला पाबळला रेडिओ-टीव्हीचं काम शिकाया धाडावं म्हणून तुझ्या अब्बाशी मी भांडलो, ते माझ्या दोस्ताची अब्रू घालवाया न्हाई. सोपानशी फोनवर बोललो. तो तुला परत घ्यायला तयार हाय. तू फक्त पोपटरावाला सांगायचं की माझीच समजूत चुकली. एवढा ताठा बरा न्हाई, बेटा. ऐक माझं.

तुझ्याच भल्याचा विचार करणारा,
मेहमूद

शिरूर, १६ फेब्रुवारी

ती. मामू, सलाम.

दुकानात मोठ्यानं बोलले, त्याची माफी मागेन. बाकी कशाचीच मागणार नाही. स्टिरिओ वाईट नाही. गाणं ऐकायला दोन आवाज पुष्कळ झाले. मग स्टिरिओ म्हणूनच विका ना! आता त्या बाईला सांगू, की आजी, तुमचे कान चुकले? डोळे नाहीत, निदान कान तरी तिचे तिच्याकडे राहू द्या. उद्यापासून घराच्या ओट्यावर दुरुस्तीचं टेबल मांडते. पाटीवर माझंच नाव लिहिलंय. अम्मी रडतेय. रडू दे.

हट्टी असले तरी तुमचीच भाची,
महेजबीन

दौंड, २ मार्च

चि. महेजबीन, दुवा.

तुला न सांगता काल सोपानच्या दुकानात गेलो. तुझ्यासाठी शब्द टाकावा म्हणून. तसलाच सेट लावला हुता. म्हटलं, म्होरचे बॉक्स बंद कर, माघारून येगळं काय येतं ते ऐकू दे. त्यो तारेला हात लावीना. तीस वर्सांची दोस्ती, पर चहा तसाच ठेवून उठलो. पाटी उतरवू नको.

मेहमूद

शिरूर, १० मार्च

ती. मामू, सलाम.

तुमचं पत्र अम्मीला दोनदा वाचून दाखवलं. पोपटरावांनी सेट परत करून पुण्याहून दुसरा आणला आणि बसवायला मलाच बोलावलं. काल लावला. सिनेमात कुणीतरी पाठीमागून दार उघडून आत आलं, तशी धुरपदाबाईंनी झटकन मान वळवली आणि लेकाला दटावलं, की आरं पावनं आल्यात, बघत काय बसलास, सतरंजी टाक!

लोभ आहेच, तो घेऊन एकदा ओट्यावर या.
महेजबीन